चुलीवाल्या ताईच्या आईची चूल

चूल बांधायला आलेल्या बाईला कोणी ओटीवर बसवत नाही. थेट आत, स्वयंपाकघरात! तलाठी, ग्रामसेवक, सोयरेधायरे सगळे बाहेर चहा पीत बसतात आणि मी आत कोपरापर्यंत मातीत हात घालून बसलेली. घरातल्या बायका माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात. चिखलानं माखलेल्या बाईसमोर कोण लाजणार? त्यामुळे मला किस्से कधी जमवावे लागले नाहीत. तेच माझ्या मागे लागले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या मुरबाड-शहापूर भागात निर्धूर चुलींची सरकारी योजना होती. माती, शेण आणि भाताचा तूस मळायचा, पत्र्याच्या साच्यात दोन भोकांची चूल पाडायची आणि मागे सिमेंटचा पाईप उभा करून कौलातून वर काढायचा. धूर पाईपातून बाहेर, वर लाकूडही कमी लागतं. चुली मी बांधायचे. आमचे सुपरवायझर देसले भाऊ लुनावरून मागाहून तपासायला यायचे. गावोगावी मला ‘चुलीवाली ताई’ म्हणत.

आणि या चुलीवाल्या ताईच्या स्वतःच्या घरी, टोकावड्याजवळ, आई तीन दगडांच्या चुलीवर धुरात खोकत भाकऱ्या थापत होती! घरात आम्ही दोघीच. मुरबाडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, “औषधं मी कितीही देईन, पण धूर बंद झाल्याशिवाय हा खोकला जायचा नाही. आणि त्यांची छाती आता फार सोसणार नाही.”

मला सारखा तोच घोर. पण आई ऐकेल तर शपथ!

* * *

सिमेंटचे पाईप एसटीतून न्यायचे म्हणजे वरात असायची. माळशेजच्या गाडीचा कंडक्टर आमच्या शेजारच्या गावचा. पहिल्याच दिवशी पाईप बघून ओरडला, “ताई, ही तोफ कुठं डागायची?”

“वैशाखऱ्याला.”

“आईकडं डागली का?”

सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“मंग लगेजचं तिकीट पडल,” तो म्हणाला. “ज्या दिवशी आईकडं बसवशील ना, त्या दिवसापासून पाईप फुकट!”

गंमत म्हणून बोलला असेल, पण पुढची दोन वर्षं त्यानं प्रत्येक फेरीला तिकीट फाडण्याआधी तोच प्रश्न विचारला. नंतर नंतर ड्रायव्हरही मान वळवून विचारायला लागला, “काय ताई, आईचं काय?” मी घरी येऊन हे आईला सांगायचे. आई म्हणायची, “त्याला बोल, गाडी टायमावर आण आधी.”

* * *

वैशाखऱ्याची चूल बघायला ठाण्याहून एक साहेब आले. बांधून तीन महिने झाले होते. देसले भाऊंना घाम फुटलेला, कारण कोणत्या घरात काय निघेल याचा नेम नाही.

आत गेलो तर चूल कशी? लख्ख! शेणानं सारवलेली, कडेनं पांढरी रांगोळी, दोन्ही भोकांना हळदीकुंकू, पाईपाला झेंडूची माळ. काजळीचा ठिपका नाही. साहेब एकदम खूश. “बघा देसले, याला म्हणतात स्वच्छता! तीन महिने वापरून अशी चूल ठेवायची म्हणजे खायचं काम नाही. बाई, कशी ठेवता हो एवढी साफ?”

बाई पदर सावरत म्हणाली, “पेटवतंय कोन सायेब! यवढी चांगली चूल धुरानं काळी कोन करल? आमी मागल्या पडवीत दगडावर रांधतो.”

साहेबांना चहा पडवीतल्या चुलीवरचाच मिळाला.

* * *

शहापूरच्या बाजूला एका गावात एक मामा होते. साठीचे, मिशा पिळलेले. बायकोनं हट्टानं निर्धूर चूल बांधून घेतली आणि मामांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, “भाकरीला चव नाय.” धुराशिवाय भाकरी म्हणजे मिठाशिवाय कालवण, असं त्यांचं मत. ते त्यांनी पारावर सांगितलं, बाजारात सांगितलं, देसले भाऊंची लुना अडवून सांगितलं. त्या गावात माझी पुढची एक चूल बांधून होईना!

मी मामींना भेटायला गेले. मामी शांत बाई. म्हणाल्या, “तू बस. तुला गंमत दावते.”

त्यांनी नवीन चूल सोडून जुनी पेटवली, ओली लाकडं घातली, पिठाची परात पुढे सरकवली आणि नवऱ्याला हाक मारली. “तुमाला चवीची भाकर पायजे ना? मंग तुमी भाजा. मी थापून देते.”

बाहेर चार माणसं बसलेली. माघार कशी घेणार? मामा आत गेले. पहिली भाकरी तव्यावर पडली, मामांनी फुंकणी उचलली, दोन फुंकरी मारल्या आणि धुराचा लोट थेट तोंडावर आला. दुसऱ्या भाकरीच्या आधीच मामा बाहेर. डोळे लाल, मिशांना राख, धड श्वास घेता येईना.

“काय मामा, चव कशी?” कोणीतरी विचारलं.

“चवीचं नंतर बघू!” मामा खोकत म्हणाले. “आधी पानी द्या!”

त्या आठवड्यात त्या गावातल्या नऊ घरांनी मला निरोप धाडले.

* * *

सगळेच किस्से हसायचे नसतात. कसाऱ्याजवळच्या एका वाडीत एका सुनेची चूल बांधली होती. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये, दिवसभर बाहेर. घरात ती आणि सासू. महिन्यानं चौकशीला गेले तर ती चुलीपुढे तोंड उतरवून बसलेली.

“धूर येतो का गो?”

“नाय.”

“लाकडं जास्त लागतात?”

“नाय ताई, कमीच लागतात. चूल बेस हाय.” मग सासू बाहेर आहे का बघून हळूच म्हणाली, “पन आधी डोल्यांतून पानी आलं तं बोलायची, धूर गेला. आता काय बोलू?”

इतके दिवस धूर घालवते म्हणून मिरवत होते, आणि हिच्या आडोशाचाच धूर मी घालवला होता. शेवटी मी तिथली टोपली पुढे ओढली आणि म्हटलं, “कांदा चीर.”

ती एकदम फिसकन हसली. मग मीही. दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. सासू आत डोकावली, “काय झालं गो?”

दोघी एकदमच म्हणालो, “कांदा!”

* * *

आता आईकडे येते.

आईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत! आमच्या चुलीच्या वर दोरीला पुरचुंड्या टांगलेल्या असायच्या. काकडी, शिराळी, दुधी, भोपळा, सगळ्यांचं बी राखेत घोळून फडक्यात बांधलेलं. त्याला आणि आढ्याच्या बांबूंना खालून धूर लागायचा, म्हणून कीड लागत नसे. अर्ध्या गावाला बी आईकडून जायचं. “तुज्या पायपातून धूर गेला,” ती म्हणायची, “तं पुढल्या सालाला पेरू काय? तुजा साचा?” एवढं वाक्य पुरं करताना मध्ये तीनदा खोकायची.

एकदा ती मुरबाडच्या बाजाराला गेल्याचं बघून मी गुपचूप माती मळली. म्हटलं, येईपर्यंत चूल उभी करते, मग काय करेल? साचा आणायला पडवीत गेले तर साच्यावर पाट ठेवलेला. उचलून बघते तर आत कोंबडी! साचा म्हणजे बिनतळाची पत्र्याची पेटीच. आईनं त्यात पेंढा घालून कोंबडी अंड्यांवर बसवली होती.

आई बाजारातून आली, मळलेली माती बघितली, सगळं समजली. “एकवीस दिवस हात लावायचा नाय,” एवढंच म्हणाली.

तालुक्याला साचा एकच! काम बंद. तिसऱ्या दिवशी देसले भाऊ स्वतः साचा सोडवायला आले. आईनं त्यांना धुराचा चहा पाजला आणि म्हणाली, “भाऊ, तुमच्या साच्यातून माज्या घरात चूल नाय निघाली, पन अकरा पिल्लं निघतील बघा!”

मीटिंगमध्ये काम का थांबलं म्हणून विचारलं, तेव्हा देसले भाऊ मान खाली घालून म्हणाले, “साचा उबवणीला ठेवलाय साहेब.”

* * *

त्याच वर्षी हिवाळ्यात शहापूरला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग होतं. मी जाताना आईचा खोकला इतका वाढलेला की पाय निघत नव्हता. शेजारची वंदना माझ्याकडेच चूल बांधायला शिकली होती. तिला म्हटलं, आईकडे येऊन जाऊन बघत जा.

पंधरा दिवसांनी परत आले. वळणावरून घर दिसलं आणि मी जागीच थांबले. आमच्या कौलांतून पाईप वर आलेला, आणि त्यातून निळसर धूर सरळ वर चाललेला!

पळतच आत गेले. आई नव्या चुलीपुढे भाकरी थापत होती. स्वयंपाकघरात चक्क भिंती दिसत होत्या. बियांच्या सगळ्या पुरचुंड्या तिनं पाईपाभोवती बांधल्या होत्या, वर कडुलिंबाचा पाला खोचलेला.

“ही कुणी बांधली?”

“वंदनानं.”

मला भरून आलं, आणि रागही आला. “दोन वर्षं मी तुझ्या पाया पडत होते! माझ्या हातची का नको होती?”

आईनं भाकरी उलटली. “तू माजी पोर. तुज्या कामाला नाव ठेवलं असतं तं तू चार दिस जेवली नसतीस. ही परक्याची पोर, हिला चूल ओली आसतानाच तीनदा मोडाय लावली, तोंड उजवीकडं घेतलं, मागल्या भोकाची वैल खाली घेतली, पायपाची ऊब बियाला लागल आसं बघितलं, तवा कुठं पेटवली. आन् आढ्याच्या बांबूला देईन म्हयन्यातून एकदा धुरी, मला काय रोज खोकायची हौस हाय?”

एवढं सगळं ती एका दमात बोलली. मध्ये एकदाही खोकली नाही. मी उंबऱ्यावरच बसले. दोन वर्षांचं ओझं कोणीतरी पाठीवरून उतरवून घेतल्यासारखं वाटलं. डोळे वाहायला लागले आणि या खेपेला सांगायला ना धूर होता, ना कांदा.

आईनं माझ्याकडे बघितलं, भाकरी तव्यावरून काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली,

“रडतेस काय! उद्या जाशील तवा त्या कंडक्टरला सांग, आता पायपाचं लगेज नाय!”