अम्मीला सांगितलेलं स्वप्न

वाईट स्वप्न पडलं तर काय करायचं, हे मला अम्मीने लहानपणीच शिकवलं होतं. डाव्या बाजूला तीनदा हलकेच थुंकल्यासारखं करायचं, सैतानापासून अल्लाहची पनाह मागायची, कूस बदलायची. आणि कुणाला सांगायचं नाही. "सांगितलंस की ऐकणाऱ्याच्या मनात ते घर करून बसतं," ती म्हणायची.

माझा धाकटा भाऊ, तेव्हा लग्न न झालेला, कतारला निघाला होता. एसी दुरुस्तीचं काम, व्हिसा हातात आलेला. अम्मी त्याच्याकडेच राहायची. साखरेमुळे तिच्या पायाची जखम भरत नव्हती, रोज धुऊन पट्टी बदलावी लागे. तो गेला की ते सगळं माझ्यावर येणार होतं, कारण म्हसळ्यात दुसरं जवळचं कुणी नव्हतं. तोंडाने मात्र मी "जा, भलं होईल तुझं" म्हणत होते.

त्याच आठवड्यात दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि स्वप्न पडलं. भाऊ छातीभर पाण्यात उभा, पाणी चढतंय, "आपा, आपा" म्हणून तो मला हाका मारतोय. मग त्याने माझा हात धरला आणि हसत वर आला. जाग आली. मी 'अऊझुबिल्लाह' म्हटलं, डावीकडे थुंकले, कूसही बदलली. फक्त गप्प बसायचं राहिलं होतं.

दुपार कलल्यावर असरची नमाज पढून अम्मीकडे गेले. ती त्याच्या बॅगेत सुक्या सोड्यांची पिशवी बसवत होती. मी स्वप्न सांगायला लागले तसा तिचा हात थांबला.

"मग? बाहेर आला का तो?"

"नाही," मी म्हणाले.

न पडलेलं स्वप्न सांगणं हा केवढा गुन्हा, तेही मला ठाऊक होतं.

अम्मीने पासपोर्ट उशीखाली घातला आणि दोन दिवस जेवली नाही. भाऊ चिडला, मग तिला समजावत राहिला, शेवटी एजंटला फोन करून येत नाही म्हणाला. पुढे तो श्रीवर्धनच्या रस्त्यावर रिक्षा चालवू लागला. अम्मी होती तोवर, तीन वर्षं, तिचे पाय त्यानेच धुतले. मी शुक्रवारी डबा घेऊन जायचे आणि तेवढ्यावर चांगली मुलगी म्हणवून घ्यायचे.

ती गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला, पाहुणे पांगल्यावर, मी त्याला सगळं सांगितलं. तो भांडी गोळा करत होता.

"म्हणजे मी बाहेर आलो होतो?"

"हो. हसत."

त्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाला, "अम्मीला कधी सांगितलंस हे?"

"नाही रे. हिंमतच झाली नाही."

"बरं झालं. पोराला वाचवलं, या समाधानात गेली ती."

मी माफी मागितली. "केलं माफ," तो म्हणाला, फारच चटकन, आणि पातेली घेऊन आत गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. ईदला तो अजूनही बायकोमुलांना घेऊन येतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. मी त्याच्या नजरेला नजर देत नाही. शिरखुर्मा वाढते आणि आत निघून जाते.