महानंदाचं ताक आणि माझी कावीळ

हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही. ते जाईपर्यंत नाही. तुमच्या बाबांना तर नाहीच — आणि आता तुम्हा दोघांना लिहितेय, कारण तुम्ही लांब आहात. वाचताना तुम्हाला माझं तोंड दिसणार नाही, हे बरंच.

'आजीची ताकाची कावीळ' तुम्हाला पाठ आहे. बाबा ती दर सुट्टीत सांगतात — आजी हळदीला बसलेल्या नवरीसारखी पिवळी, आणि खाटेवरूनही पेपरवाल्याच्या पाटीवरचं स्पेलिंग सुधारतेय! तुम्ही पोट धरून हसता. मीही हसते. पण त्या गोष्टीत एक चूक आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईनं गोल काढणाऱ्या बाईनं ती तशीच राहू दिली.

माझे गुडघे दुखायचे. मुरुम गावच्या बाजारात एक झाडपाल्याचं औषध देणारा बसायचा. असल्या पुड्या घेऊ नका, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल? आणि तीच मी, डोक्यावर पदर नि डोळ्यांवर काळा चष्मा लावून, त्याच्यापुढं उकिडवी बसले! उठता येईना, तर त्यानंच हात दिला.

"चिमूटभर घ्या बाई. लई न्हाय," तो म्हणाला.

आता सांगा, चिमूट हे काय माप झालं? कुणाची चिमूट? माझ्या स्वयंपाकघरात मोजायचे चमचे आहेत. मी ठरवलं — एक सपाट चमचा, सकाळ-संध्याकाळ, गजर लावून. एकही वेळ चुकली नाही. गुडघ्यांचं दुखणं खरंच थांबलं हो! मी खूश. महिन्याभरात भूक गेली, अन्नाचा वास नकोसा झाला, आणि एका सकाळी आरशात डोळे पिवळे.

डॉक्टर म्हणाले, यकृताला सूज आहे. नेहमीच्या काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांत काही निघालं नाही. म्हणून त्यांनी विचारलं — दोनदा विचारलं — बाहेरचं काही औषध, जडीबुटी?

"डॉक्टर, मी इंग्रजीची शिक्षिका आहे," मी म्हणाले.

हे उत्तर झालं का? पण बिचारे ओशाळले आणि पुढं गेले. पुडी तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर आली होती. मला कळलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. कळलं होतं.

मग कारण तर हवं होतं. ते तुमच्या बाबांनी शोधलं — महानंदाचं ताक. महानंदा रोज सकाळी आमच्या गल्लीत ताकाची चरवी घेऊन विकायला यायची. तपासणीत काही का निघेना, कावीळ पाण्यातून येते आणि ताकात पाणी असतंच, असा बाबांचा हिशेब. चार दिवसांत अख्ख्या गल्लीनं तिचं ताक बंद केलं. ती आमच्या दारात आली.

"माझ्या ताकानं असं कसं व्हईल वो, बाई? माझी लेकरं तेच पितात की!"

मी आत लोडाला टेकून उसाचा रस पीत होते. ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्याच दुपारी ती पूड मोरीत ओतली, डबा घासला, त्यात ओवा भरला आणि नवं लेबल चिकटवलं. दोन महिन्यांत मी ठणठणीत. सगळे म्हणाले, बाईंचं पथ्य कडक! महानंदा मात्र दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली.

याला सहा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात ती मला एसटी स्टँडवर भेटली. तब्येत विचारली, तुम्हा दोघांची चौकशी केली. आणि मग, मी काही न विचारता —

"बाई, चरवी म्या रोज कढत पाण्यानं धुत होते. देवाशपथ."

सहा वर्षांनी! मी काय म्हणाले असेन?

"माहीत आहे गं," म्हणाले. एवढंच. पुढचं वाक्य तयार होतं, पण मी वेळापत्रकाची पाटी वाचू लागले. तेवढ्यात लोहाऱ्याची गाडी लागली. तिचा चेहरा मात्र असा फुलला! पायरी चढता चढता ती सोबतच्या बाईला मोठ्यानं सांगत होती, "बाईंचं मन लई मोठं! बोलल्या बघ, माफ केलं मला."

खिडकीतून तिनं हात हलवला. मीही हलवला.