देवराईतली तीन पाकिटं

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण मनातून जात नाही ती वाळलेल्या अळंब्यांची चोरी.

शिपाई म्हणून भरती होऊन मी तेव्हा रत्नागिरीत सहायक निरीक्षकापर्यंत पोहोचलो होतो. एका महाविद्यालयाचे प्राचार्य अर्ज घेऊन आले, सोबत वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. त्यांच्या हर्बेरियममधून, म्हणजे वाळवून जपलेल्या नमुन्यांच्या संग्रहातून, एका जंगली अळंब्याची तीन पाकिटं गेली होती. मॅडमचा चार पावसाळ्यांचा अभ्यास त्यांवर उभा होता. संशय प्रयोगशाळेतल्या परिचरावर. एका लिपिकाने त्याला पिशवी घेऊन देवरुखच्या एसटीत चढताना पाहिलं होतं.

"आजच गुन्हा नोंदवा," प्राचार्य म्हणाले.

"त्याची निवृत्ती कधी?"

"आठ महिन्यांनी."

गुन्हा नोंदवला की निलंबन, आणि पेन्शन लटकली. माझं डोकं फिरलं. "चौकशीला दोन दिवस द्या."

"एक."

"दोन. नाहीतर पंचनाम्यासाठी तुमची प्रयोगशाळाच सील करतो."

दोन मिळाले.

परिचर ठाण्याच्या बाकावर दोन तास गप्प. चहाला हात लावला नाही. मी आवाज चढवला, टेबल आपटलं, उपयोग शून्य. घाबरलेला माणूस बडबडतो. गप्प बसणाऱ्याने काहीतरी ठरवलेलं असतं. मी मॅडमकडून नोंदवही मागवली. प्रत्येक पाकिटाची नोंद होती: क्रमांक, तारीख, गाव, कोणत्या झाडाखाली सापडलं. या अळंब्याची एकूण सात पाकिटं. दापोली, मालगुंडकडची चार जागेवर होती. गेलेल्या तिन्हींपुढे संगमेश्वर तालुक्यातलं एकच गाव, एकच देवराई. विकणारा चोर सातही नेतो. परिचराचं सेवापुस्तक उघडलं. मूळ गाव तेच.

"मॅडमना राई तुम्हीच दाखवलीत ना?"

त्याचे डोळे भरले. "व्हय सायेब. राईतली वाळकी काटकी पन कोन उचलत नाय. मी देवाला गाऱ्हानं घालून इचारल्याबिगर बाईंना नेलं. शिमग्याला गुरवानं माजा नारळ घेतला नाय, म्हंजी गाव तुटलं. रिटायर होऊन जायचं कुठं? मी चोरी नाय केली. ज्याचं हुतं त्येला परत दिलं."

दुसऱ्या दिवशी मॅडमना घेऊन देवराईत गेलो. पाकिटं देवाच्या पाषाणाजवळ बिस्किटांच्या डब्यात कोरडी होती.

"देवाम्होरं ठेवलेलं परत मिळत नाय," गुरव म्हणाला.

मी घासाघीस सुरू केली. "एक देवाला, दोन मॅडमना."

"इन्स्पेक्टर, ह्यो काय मासळीबाजार हाय?"

मी काही बोलायच्या आत मॅडम पुढे झाल्या. "गुरवकाका, चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं. आता विचारते."

गुरवाने परिचराच्या हातून नारळ घेतला, गाऱ्हाणं घातलं आणि तिन्ही पाकिटं मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी तिथेच पाकिटांवर परिचराचं नाव लिहिलं: जागा दाखवणारा.

अर्ज दप्तरी दाखल झाला, परिचर पेन्शनसह गावी गेला. प्राचार्यांचं आभारपत्र मात्र आमच्या वरिष्ठांच्या नावे आलं. ज्यांनी एकही पाकीट डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, त्यांनी ते पत्र फ्रेम करून लावलं. ते मी विसरलेलो नाही.

पण खरं ते लिहितो. घासाघिशीत मला हरवणारा माणूस खात्यात नव्हता. त्या दिवशी माझं चाललं असतं तर मी दोन पाकिटं घेऊन परतलो असतो, आणि जिंकलो असं समजलो असतो.