माझी दुखण्याची गोळी बंद करायची नाही

"आजी, तुम्हाला नवा आजार झालेला नाही. तुमच्या गोळ्यांनी संगनमत केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि उशाशी वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट सोडून धावत आलेला माझा मुलगा दिलीप. मी धरून चालले होते की पक्षाघात झाला. निघालं भलतंच.

त्यांनी नाव सांगितलं, रेस्पिरेटरी डिप्रेशन. म्हणजे श्वास मंदावणं. गुंगी इतकी चढते की मेंदू श्वास घ्यायलाही आळस करतो.

मला बारा वर्षांपासून संधिवात आहे. सोबतीला शुगर आणि बीपी. शुगरमुळं तळपायांची आग होते, त्यासाठी शुगरच्या डॉक्टरांनी प्रीगॅबालिन दिलेली, नसांचं दुखणं शमवणारी गोळी. महिन्यापूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल सुरू केली. ही ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातली वेदनाशामक. आठवडाभरात मी स्वतःच्या हातानं वेणी घातली. चार वर्षांत पहिल्यांदा. ज्याचे खांदे शाबूत आहेत त्याला हे सुख कळायचं नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "आणखी काय चालू आहे?" मी म्हटलं, "शुगरची आणि बीपीची." प्रीगॅबालिन शुगरच्या डॉक्टरांनी दिलेली, म्हणून मी ती शुगरमध्येच धरली. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक वाटीतून आली. मुकुंदवाडीत हमीदाबी आणि मी तीस वर्षांच्या शेजारणी, मधली भिंत एकच. माझी वाटी पुरण घेऊन जाते, शीरखुर्मा घेऊन येते. रिकामी वाटी परत करायची नाही, हा दोन्ही घरांचा दस्तूर. तिला जळजळ होत होती, मी वाटीतून माझ्या पित्ताच्या गोळ्या पाठवल्या. मला झोप येत नाही हे तिला ठाऊक होतं. वाटी परत आली ती कागदाच्या पुडीत तिच्या चार झोपेच्या गोळ्या घेऊन.

तीन दिवस रोज एक घेतली. चौथ्या सकाळी चहा पिताना मान खाली पडली. सून सुनीता हाका मारत होती, चिमटे काढत होती, आणि मी म्हणे घोरत होते. ओठ निळे पडलेले. तिनं वाट बघितली नाही, सरळ दवाखान्यात आणलं. म्हणून आज हे लिहायला मी आहे.

दवाखान्यात मी दोनच गोळ्या कबूल केल्या. तिसरी सांगितली तर हमीदाबीवर बालंट येणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या डोसवर एवढी गुंगी? मग ट्रॅमाडॉल तुम्हाला सोसत नाही असंच धरावं लागेल. बंद करू."

दिलीप लगेच म्हणाला, "बंद म्हणजे बंद, आई. आणि सगळ्या गोळ्या आता माझ्या कपाटात."

म्हणजे वेणी गेली, आणि वर कुलूप.

तिशीतली मी असते तर मान डोलावली असती. लई सद्गुणी होते मी! डॉक्टर विचारायचे, पोट कुठं दुखतं, आणि मी नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची, जसं काही पोट त्यांचं. एकदा सासूबाईंच्या धाकानं तापाच्या गोळ्या ज्वारीच्या कणगीत लपवल्या. मग मलाच सापडेनात. ताप अंगावर काढला आणि वर स्वतःला सोशिक म्हणवून घेतलं. निजाम जाऊन किती वर्षं झालेली, पण त्याला हटवणारी पोलीस ॲक्शन आमच्या घरात पोचलीच नव्हती.

या वेळी मी उठून बसले. "थांबा. तिसरी गोळी आहे," म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

दिलीप तडकला. "हमीदाखालांना जाऊन विचारतोच!"

"काय विचारणार? तिनं वाटीत ठेवली, गिळली मी. मला विचार."

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुणेनं गप्प केलं. त्या म्हणाल्या, "तिन्ही गोळ्या गुंगी आणणाऱ्या. एकत्र आल्या की श्वास दाबतात. झोपेची आपण काढू शकतो. हे आधीच सांगायचं ना, आजी!"

"आता सांगितलं ना? मला दुखणंही नको आणि मरणही नको. दोन्ही जमवा."

त्यांनी जमवलं. दोन दिवस देखरेखीखाली ठेवलं, दोन्ही डॉक्टरांशी बोलल्या. झोपेची गोळी बंद. प्रीगॅबालिन कमी केली. ट्रॅमाडॉल सर्वांत लहान डोसनं पुन्हा सुरू, तीही मला नीट जाग आहे हे बघून. सुनीताला बजावलं: हाक मारून जाग येत नाही, श्वास संथ झाला, तर लगेच दवाखाना. मला बजावलं: मनानं वाढवायची नाही, मनानं एकदम तोडायचीही नाही.

हमीदाबी भेटायला आली ती रडत आणि भांडत. "भाभी, मेरे हाथ से कुछ हो जाता तो? तू बोलायचं ना, दुसऱ्या पन गोळ्या चालू हायेत म्हनून!"

"तू विचारायचं ना!"

मग दोघी हसलो. नर्सबाईंनी दटावलं.

तुमच्या घरी कुणी असं दुखणाईत असेल तर सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. शेजारणीनं दिलेल्याही, आणि काढ्याची, खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा. ती पिशवी प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर ओता. लाजू नका. मी लाजले, आणि त्यात जीव जात होता.

आणि कुणी म्हणालं की या वयात दुखायचंच, तर त्यांना माझ्याकडं पाठवा. डॉक्टरीणबाईंचे आणि सुनीताचे उपकार मी मानते, पण सोसण्याची शाबासकी मला कुणाकडूनच नको. मी दिलीपच्या कपाटातून गोळ्या काढून आणल्यात. त्या आता स्वयंपाकघरातल्या फळीवर आहेत, शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलेली यादी. तो कुरकुरला. मी म्हटलं, "यादी वाच, चूक सापडली तर बोल." त्यानं दोनदा वाचली. सापडली नाही.