साखर नसलेल्या माणसाला इन्सुलिन

ती केस मी विसरलेलो नाही, आणि आता इतरांनाही विसरू देणार नाही.

उरण भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना मिठागरवाल्या कुटुंबातला एक तरुण गावातली माणसं घेऊन आला. आदल्या दिवशी त्याचे वडील खासगी रुग्णालयात वारले होते. त्याने टेबलावर इन्सुलिनची बाटली ठेवली.

"साहेब, माझ्या बापाला शुगर नव्हती. नर्सबाईनं शुगरची सुई दिली नि मारला त्याला."

अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, शवविच्छेदनाची तजवीज केली आणि नर्सला चौकशीला बोलावलं. शेजारी महिला हवालदार होती, नियमात काही चुकलं नाही. मी चुकलो जागेत. तिला मी दारासमोरच्या बाकावर बसवलं, सगळ्या जमावाला दिसेल असं.

सुई दिल्याचं तिने लगेच कबूल केलं. रुग्णाला मधुमेह नव्हता, हेही तिला माहीत होतं.

"पोटॅशियम वाढलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिली. त्यांना विचारा."

डॉक्टर दुसऱ्या रुग्णाला घेऊन नवी मुंबईला गेले होते, फोन लागत नव्हता. दुसऱ्याचं नाव पुढे करणारा माणूस खोटा, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. मी म्हणालो, "बाई, मला शिकवू नका."

दुपारी डॉक्टर स्वतःच ठाण्यात आले. रक्तात पोटॅशियम फार वाढलं की हृदय बंद पडू शकतं, त्यांनी समजावलं. इन्सुलिन ते रक्तातून पेशींत ढकलतं, आणि साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज देतात. हृदय सांभाळायला कॅल्शियमही दिलं होतं. पण रुग्ण फार उशिरा आला होता.

"मारायची सुई नव्हती ती," डॉक्टर म्हणाले. "वाचवायची होती."

मग पोटॅशियम वाढलं कशाने? मी मृताच्या घरी गेलो. त्यांची बायको सांगू लागली. ब्लडप्रेशरची गोळी चालू होती, मीठ कमी करायला सांगितलं होतं, म्हणून मुलाने हौसेने मॉलमधून कमी सोडियमचं मीठ आणलं.

"त्यांना ते खारट लागायचंच न्हाय. मीठ हाय का माती, म्हणायचे, नि मूठभर घ्यायचे." जन्म मिठागरात गेलेला माणूस तो. वर अशक्तपणा वाटला की शहाळं.

डॉक्टरांनी उलगडा केला. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, शहाळ्यातही ते भरपूर. आणि त्यांची गोळी नेमकी पोटॅशियम शरीरात अडवून धरणारी. त्यात मूत्रपिंडं आधीच थकलेली.

मी हे त्या माउलीला सांगितलं. तिने हात जोडले. "पोराला सांगू नका, साहेब. जीव देईल तो."

मी होकारार्थी मान हलवली. घातपात नाही असा शेरा मारून प्रकरण मिटवलं आणि गावात एक शब्द बोललो नाही. गाव त्या नर्सला 'सुईवाली' म्हणत राहिलं. नोकरी गेली, तिने तालुका सोडला.

यंदा मलाही तीच गोळी सुरू झाली. माणगावला रक्त तपासायला गेलो, तर समोर तीच नर्स. तिने मला ओळखलं. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर तिने चिठ्ठीवरची गोळी वाचून दंडाला पट्टा आवळला होता.

"साहेब, घरात मीठ कुठलं वापरता?" एवढंच तिने विचारलं.

त्यानंतर मी त्या मुलाकडे गेलो. त्याची आई आता राहिलेली नाही. सगळं सांगितलं, त्याचाही दोष नाही हेही सांगितलं. तो भडकला. "एवढ्या वर्षांनी कशाला आलात?"

"त्या नर्सबाईसाठी," मी म्हणालो.

जुने सहकारी म्हणतात, मिटलेलं उकरू नका. मी उकरणार. शेरा मारला म्हणून माणूस सुटत नाही. ज्या गावासमोर बाकावर बसवलं, त्याच गावासमोर त्याला उठवावं लागतं. ती निर्दोष होती. ज्याला पटत नसेल त्याने माझ्या दारात यावं. आणि उद्या माझंच पोटॅशियम वाढलं, तर ती सुई मी तिच्याच हातून घेईन.