चंद्रीची धार आणि खाडीपलीकडचं बेट

“ते समदं झ्याक हाय मॅडम, पण तिकडं फोनला रेंज असती का?” हौसाबाईंनी पुन्हा विचारलं.

मी मोबाइलवर बेटाचे फोटो दाखवत होते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वाळूची लांबट पट्टी. थोडी सुरूची झाडं आणि एक होमस्टे. लोणीच्या बचत गटाच्या बायका फोटोंवर तुटून पडल्या होत्या. या बाईंना मात्र रेंज हवी होती. मला वाटलं, झालं, आता यांनाही रील्स टाकायच्यात.

मंचरला माझं टूर्सचं छोटं ऑफिस आहे. गिऱ्हाइकाची हौस आणि निसर्गाची सोय यांचा मेळ घालणं, हे माझं काम. या बेटावर तर पाण्याचंच राज्य. खाडी उथळ, त्यामुळे बोट भरतीलाच पलीकडे जाते. ओहोटीला ती वाळूत रुतते. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणून आधी भरती बघायची, मग itinerary लिहायची. Itinerary म्हणजे कुठे कधी पोचायचं आणि कधी निघायचं, त्याचा आराखडा.

मी जरा फटकळ आहे. रेंज कशाला हवी, घरचं सगळं विसरायला तर चाललाय, असं मी बोलून गेले. मग बायकांमधल्याच एकीने खरं काय ते सांगितलं.

हौसाबाईंची म्हैस चंद्री. तिचं रेडकू जन्मून लगेच गेलं. तेव्हापासून ती हौसाबाईंशिवाय कुणालाच पान्हा सोडत नाही. नवरा दगडूभाऊ चांगली धार काढतात, पण त्यांना ती लाथ मारते, नाहीतर दूध चोरते. दूध अंगातच राहिलं तर कास सुजते, म्हैस आटते. गटाला ट्रिपचं वेड हौसाबाईंनीच लावलेलं. पण मागच्या वर्षी त्या पिशवी भरून गाडीपर्यंत आल्या आणि तिथूनच माघारी फिरल्या. साठी ओलांडली, बाईंनी अजून समुद्र पाहिला नव्हता.

“आवाज दिला तरी सोडती वो ती,” हौसाबाई म्हणाल्या. “मी भिंतीआड हुबी ऱ्हाऊन फोनवर बोलून पाह्यलं. ह्यांनी धार काढली. म्हून इचारते रेंजचं.”

आता बोला. इतकी वर्षं हनिमूनवाल्यांना सी-फेसिंग रूम देत आले. म्हशीसाठी नेटवर्क शोधायची वेळ पहिल्यांदाच आली. होमस्टेच्या मालकाला फोन लावला. बोटही तोच चालवतो. तो म्हणाला, सुरूच्या झाडांपाशी एक कांडी येते, पण वारं सुटलं की तीही जाते. मी सकाळची डॉल्फिन राइड धारेनंतर ठेवली. संध्याकाळी सगळ्यांना किनाऱ्यावर मोकळं सोडायचं, म्हणजे हौसाबाईंना सुरूखाली बसता येईल. या मोकळ्या वेळेला आम्ही बफर म्हणतो. कुणाचा बफर कशात जाईल, सांगता येत नाही.

अशा गटाबरोबर मी स्वतः जाते. दुपारच्या भरतीला आम्ही बेटावर उतरलो. बायका साड्या खोचून थेट पाण्यात. हौसाबाईंनी लांबूनच समुद्राला हात जोडले, “आधी चंद्रीचं होऊ दे,” म्हणाल्या आणि सुरूखाली जाऊन बसल्या.

धारेची वेळ झाली आणि वारं सुटलं. कांडी गेली. हौसाबाई फोन उंच धरून या झाडाखालून त्या झाडाखाली फिरत राहिल्या. बायकांनी आपापले फोन दिले, एकालाही रेंज नाही. तोवर ओहोटी लागली होती. बोट वाळूत बसलेली, पलीकडे जायची सोय नाही.

शेवटी त्या समुद्राकडे पाठ करून वाळूत बसल्या.

“पहाटच्या पाण्याला मला पल्याड सोडा मॅडम. एष्टी धरून जाते. म्हस आटली तर काय करू? समुद्र काय कुठं पळून जात न्हाई.”

जिभेवर फटकळ उत्तर आलं होतं, ते गिळलं. बाई उठून गेली, तर ती पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाही, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात मालक धावत आला. त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं. टोकाच्या खडकावर चढलं की लागतं, म्हणाला. हौसाबाईंना दोन्हीकडून धरून आम्ही वर चढवलं. फोन लागला. बराच वेळ वाजला. मी स्पीकर लावला.

“हळू बोल,” पलीकडून दगडूभाऊ कुजबुजले. “धार चाललीया.”

“आवो, सोडली का तिनं?”

“तुझा फोनच लागंना. मग गोठ्यातली तुझी साडी नेसलो. आधी हुंगली, मग सोडली.”

“पदर घेतला व्हता का डोईवर?”

“घेतला की. मिशासुदीक झाकल्या.”

मागे बादलीत धार वाजत होती. हौसाबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग रडता रडता हसल्या. “चाळीस वर्सं माझा पदर कुठं ऱ्हातो ते पाह्यलं न्हाई ह्या मानसानं,” म्हणाल्या. खडकावरून उतरल्या त्या सरळ पाण्यात गेल्या. कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. बायकांनी बळंच बाहेर काढलं.

ट्रिप पूर्ण झाली. परतताना बाजारात त्यांनी एकच वस्तू घेतली, स्वतःसाठी सुती साडी. दगडूभाऊंना काय, मी विचारलं. “त्यांना गोठ्यातली दिली, कायमची,” म्हणाल्या.

मंचरला उतरताना त्या माझे उपकार मानत होत्या. मी काय केलं? भरती बघितली आणि खोल्या लावल्या. त्या ट्रिपचे आभार मी आजही दगडूभाऊंचेच मानते. आता बायकांचा गट आला की आधी विचारते, घरी धार कोण काढणार? नाव कळलं की त्या माणसाशी स्वतः बोलते. भरतीचं त्यानंतर बघते.