बारवेपर्यंतचे आठ किलोमीटर

धावण्यात मी आयुष्यात कुणाला हरवलेलं नव्हतं. त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी एका बाईला दर रविवारी मागे टाकायला लागले, तेव्हा मी इतकी चढले की आता लिहायचीही लाज वाटते. सोमवारी ऑफिसात डबा उघडता उघडता मी ते सगळ्यांना ऐकवायचे. ती बाई माझी मैत्रीण होती. ‘होती’ लिहिताना हात अडतो, पण हे सगळं मी त्या एका शब्दासाठीच लिहायला घेतलं आहे.

परभणीतला आमचा धावणाऱ्यांचा गट चौदा-पंधरा जणांचा. मैदानाला गोल गोल चकरा मारून कंटाळा आला, तेव्हा कुणीतरी टूम काढली, की पळायचंच आहे तर कुठेतरी पोचायला पळू, आणि पोचल्यावर चार घमेली उचलू. बोरीच्या पुढे आडवाटेच्या एका गावात जुनी बारव होती, पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत जाणारी दगडी विहीर. वर्षानुवर्षांचा गाळ, निर्माल्य, बाटल्या, एक अख्खी सायकल, काय काय तिच्यात पडलेलं. ती साफ करायची ठरलं. दिवाळीनंतर दर रविवारी जिंतूर रस्त्यावरच्या फाट्याला गाड्या लावायच्या, तिथून बारवेपर्यंत आठ किलोमीटर पळायचं, दोन तास गाळ उपसायचा आणि गावातल्या टेम्पोत बसून परत फाट्यावर यायचं.

कामाची रीत आम्ही पळणाऱ्यांनीच काढलेली. जो पहिला पोचेल तो तळाला उतरणार आणि गुडघाभर चिखलात उभा राहून घमेली भरणार. दुसरा त्याच्या वरच्या पायरीवर, तिसरा त्याच्या वर, अशी साखळी. शेवटी आलेल्याने सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं आणि आलेलं घमेलं बाहेर रिकामं करायचं. चिखलात उभं राहणं हे आमचं बक्षीस होतं. असलं बक्षीस घ्यायला माणसं आठ किलोमीटर जीव तोडून पळतात, हे घरी कुणाला पटायचं नाही.

मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आणि आमच्या गटात सगळ्यात वेगवान. दोन वर्षं आम्ही रोज पहाटे बरोबर पळत होतो. माझ्या लेकीला दहावीचं गणित तिने शिकवलं. जयंतीला मी तिच्या घरी जेवले होते. ती बौद्ध आहे हे मला माहीत होतं आणि त्यात माहीत असण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते ना.

पहिल्या रविवारी तीच पहिली पोचली. तळाला उतरली, केसांपर्यंत चिखलाने माखली आणि दोन तास नुसती हसत होती. काम झाल्यावर बारवेला लागून घर असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हा सगळ्यांना ओट्यावर बसवलं. गाव त्यांना आबा म्हणायचं, आम्हीही म्हणायला लागलो. स्टीलच्या पेल्यांतून चहा आला. चहा पिता पिता आबांनी प्रत्येकाला नाव, गाव, आडनाव विचारलं. मैत्रिणीने स्वतःचं नाव सांगितलं आणि ती थांबली. मला वाटलं, लाजली. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. तिचं आडनाव, मूळ गाव, शाळा, सगळं मीच सांगून टाकलं, वर तिचं कौतुकही केलं.

“बरं, बरं,” आबा म्हणाले.

थोड्या वेळाने तिला तहान लागली. तिची बाटली रिकामी झाली होती, म्हणून ती माठाकडे निघाली. आबा त्या वयात टुणकन उठले. “थांबा बाई, मी देतो की,” म्हणाले आणि तांब्यातून तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. ती वाकून प्यायली.

परत जाताना स्कूटीवर मी तिला म्हटलं, “बघितलंस? खेड्यात अजून किती आदर आहे. आपल्या हाताने पाणी पाजलं.” ती मागे बसली होती. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी चहा कागदी कपांतून आला, सगळ्यांनाच. मी आबांना तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. आम्ही इथे कचरा काढायला येतो आणि तुम्ही दर आठवड्याला पंधरा कप वाढवता, हे काय?

“असू द्या ताई, पेले धुयाला पानी लागतंय,” आबा हसून म्हणाले.

पाणी वाचवायचा मुद्दा निघाल्यावर मी काय बोलणार? तरी मी हटले नाही. एका रविवारी घरून पंधरा पेले पिशवीत घालून आणले. आबांनी ते नीट पुसून ओट्यावर ओळीने मांडले आणि चहा कागदी कपातूनच दिला. म्हातारा किती हट्टी आहे, म्हणून मी परतीच्या वाटेवर मैत्रिणीचं डोकं खाल्लं. “तूच सांग ना त्यांना, तू शिक्षिका आहेस,” असंही म्हटलं.

“तू सांगायलीस तेवढं लय झालं,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसले.

आणि दुसऱ्या रविवारपासूनच ती शेवटच्या किलोमीटरला मागे पडायला लागली. कधी बुटाची नाडी सुटायची, कधी पोटरीत गोळा यायचा. गावाची पाण्याची टाकी दिसली की ती हळू व्हायची आणि मी तिच्या शेजारून धापा टाकत पुढे जायचे. ती शेवटी पोचायची, वरच्या पायरीवर उभी राहायची आणि घमेली रिकामी करायची. मी पहाटे दोरीच्या उड्या मारत होते, भात सोडला होता, त्याचाच हा परिणाम असं मी धरून चालले. एकदा तर तिला म्हटलं, “वय झालं तुझं!” पाच महिने मी हे चालवलं.

गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी तळाचा झरा मोकळा झाला. तळाला हातभर स्वच्छ पाणी साचलं होतं, खालची दगडाची फरशी दिसत होती. गाव जमलं. बायका ताटं घेऊन आल्या, नारळ आला, नवी तांब्याची घागर आली. पहिली घागर आमच्यापैकी कुणीतरी भरायची, असा गावाचा आग्रह. गटातल्या दोघा-तिघांनी मैत्रिणीचं नाव घेतलं, कारण एकही रविवार तिने चुकवला नव्हता. तेवढ्यात आबांनी मला बाजूला बोलावलं.

“ताई, घागर तुमी भरा,” ते हळूच म्हणाले. “त्या बाईंला वरच राहू द्या. तुमचं शहरात चालतंय, पर पान्याचं गावात अजून तसं न्हाई. उगं कुनी काई बोललं तर त्यान्लाच वाईट वाटंल.” आणि मग माझ्या हातावर हात ठेवून, अगदी मायेने, “तशा त्या लय समजदार हायत बरं का. म्हनून तर पहिल्या खेपंनंतर एकदाबी खाली उतरल्या न्हाईत. दर बारीला शेवटी यायलीत. मी बघायलोय की.”

मला धक्का बसला, एवढं म्हणून भागत नाही. आबा चिडले असते, वाईट बोलले असते, तर मी भांडले असते. भांडायला मी कमी नाही. पण ते तिचं कौतुक करत होते. त्या ओट्यावर ओळीने मांडलेले माझे पंधरा पेले मला दिसायला लागले आणि तिची ती ओंजळ. आडनाव मी सांगितलं होतं. हे सगळं मला पाच महिने दिसत होतं, आणि मी मात्र माझा वेग मोजत होते.

एवढं कळलं. सगळं कळलं. आणि त्यानंतर कुणीतरी घागर माझ्या हातात दिली.

मी ती तिला देऊ शकले असते. आबांच्या हातात परत ठेवू शकले असते. निदान मोठ्याने विचारू शकले असते, की ते आता माझ्याशी काय बोलले ते सगळ्यांसमोर सांगतील का. पण बायका ताटं घेऊन उभ्या होत्या, कुणीतरी मोबाइल धरून ‘ताई, इकडे बघा’ म्हणत होतं, कार्यक्रमाचा विचका करायचा नाही असं काहीतरी माझ्या मनात आलं. मी पायऱ्या उतरले. घागर पाण्यात बुडवली. वर पाहिलं तर ती सगळ्यात वरच्या पायरीवर रिकामं घमेलं घेऊन उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. टाळ्या वाजल्या. त्या फोटोत मी हसते आहे. ते हसू मी कुठून आणलं, मला खरंच माहीत नाही.

टेम्पोत मी तिच्या शेजारी जागा धरली. बाकीचे पुढे गाणी म्हणत होते.

“तू मुद्दाम हळू पळत होतीस?” मी विचारलं.

“हो.”

“मला सांगायचंस ना गं!”

“काय सांगू? तू इतकी खूश असायचीस.”

“मग येत कशाला राहिलीस?”

“पाणी लागतंय का ते बघायचं होतं,” ती म्हणाली. “आणि तू होतीस.”

टेम्पो खड्ड्यांतून चालला होता. मी काहीतरी बोलणार होते, आबांना शिव्या घालणार होते बहुतेक. तिने मला हाताने थांबवलं.

“आबांनी तुला बाजूला घेतलं ते मी वरून बघत होते. तू घागर हातात घेतलीस, त्याच्या आधी बोलले ना ते?”

मी मान हलवली.

“इतके दिवस तुला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. आवाज जराही चढलेला नव्हता, वर्गात शिकवताना असतो तसाच होता. “म्हणून मला तुझा राग यायचा नाही, हसू यायचं. आज तुला माहीत होतं.”

फाटा आला. माझी स्कूटी जिथे लावली होती तिथेच उभी होती. मी हेल्मेट घालून तिची वाट बघत थांबले, पण ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि जिंतूरहून येणाऱ्या एसटीला तिने हात केला.